बोलण्याच्या खोडींना नावं ठेवूया

ओसरी:

मंडळी, पाहुणे "बरं, येतो आता" म्हणून उठतात. चपला घालतात. आणि मग दारात उभ्याउभ्या खरा विषय निघतो. कुणाचं जमलेलं मोडलं, कुणी रिसेलमध्ये फ्लॅट घेतला, कुणाचं कुणाशी फाटलं. आत तासभर पोहे-चहा होऊनही जे बाहेर पडलं नाही ते इथे पडतं. यजमानांचा एक हात दाराच्या कडीवर, आणि डास आत. या प्रकाराला मराठीत नाव नाही, म्हणून मी ठेवलं: उंबरठ्याख्यान.

तेव्हापासून मला नादच लागला आहे. सत्कार समारंभात "मी फक्त दोनच शब्द बोलणार आहे" म्हणून माइक हातात घेतात आणि लोकांच्या जेवणाची वेळ टळून जाते, ते भाषण म्हणजे दोनशब्दकोश. भांडणात समोरच्यानं टोमणा मारला की आपण गप्प, आणि सणसणीत उत्तर सुचतं ते रात्री अंथरुणावर पडल्यावर. वरातीमागून आलेलं हे घोडं म्हणजे वरातोत्तर. आणि कायप्पावर, म्हणजे व्हॉट्सॲपवर, कुणाचं तरी "टाइप करत आहे... टाइप करत आहे..." पाच मिनिटं दिसतं आणि शेवटी येतं काय, तर "ओके". त्या पाच मिनिटांना टंकवेणा.

तुमच्याकडचे येऊ द्या. विषय भाषेचा आणि बोलण्याचाच हवा. अट एकच: शब्द फोड करून सांगावा लागला तर तो बाद. ऐकणाऱ्याला ऐकताक्षणी कळला आणि हसू आलं तरच धरायचा.

चिंचोका:

दोनशब्दकोश!! हहपुवा (हसून हसून पुरे वाट). आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेची पूर्ण नोंद या एका शब्दात होते.

माझ्याकडून एक: वाक्यहरण. आपण बोलायला तोंड उघडावं आणि समोरच्यानं आपलं वाक्य ओढून स्वतः पूर्ण करावं. तेही भलतंच. "मी काल दवाखान्यात गेले होते ते..." "शुगर ना? मी म्हटलंच होतं." अहो, मावसबहिणीचं बाळ बघायला गेले होते.

पेठकर:

चिंचोका, वाक्यहरण फर्मास.

मोरपंखी:

आमच्या घरात एक स्वतंत्र भाषा चालते. तिच्यात नाम नाही, फक्त "हे" आहे. काल संध्याकाळी आई ओट्याशी उभी, हात कणकेत. मला म्हणाली, "अगं, ते हे जरा त्या ह्याच्यावर ठेव, नाहीतर ते हे येऊन सगळं हे करेल." मी उठले, जाळीचं झाकण काढलं, साईच्या पातेल्यावर ठेवलं आणि खिडकी लावून घेतली, कारण शेजारचं मांजर. एकही शब्द चुकला नाही. बाबा पेपरातून वर न बघता म्हणाले, "त्या ह्याचीही लाव." म्हणजे बाथरूमची खिडकी. तीही लावली.

व्याकरणात ज्याला हेत्वर्थ म्हणतात तो वेगळा. पण मला वाटतं, "हे"ला अर्थ असतो याचा याहून मोठा पुरावा नाही. म्हणून आमच्या घरच्या भाषेचं नाव हेत्वर्थी.

अर्धाचहा:

हेत्वर्थी +१. आमच्याकडे तीच भाषा, फक्त बोलीभेद आहे. "हे"च्या जागी "ते आपलं".

निवृत्त मास्तर:

धागा वाचून आनंद झाला, पण माझं मत थोडं वेगळं आहे. नवे शब्द पाडण्याआधी घरातले जुने वापरात आहेत का ते बघा. बडबडीला मराठीत जितकी चेष्टेखोर नावं आहेत तितकी क्वचित कशाला असतील. टकळी घ्या. सूत कातायची टकळी फिरायची थांबत नाही, तसं तोंड. चऱ्हाट म्हणजे जाडजूड दोर, वळत राहावं तितकं लांबतं. गुऱ्हाळ आहे, पाल्हाळ आहे, तोंडाचा पट्टा आहे, नमनाला घडाभर तेल आहे. तोंडपाटीलकी तर मला मराठीतला सर्वांत देखणा चेष्टेचा शब्द वाटतो. पाटीलकी हे वतन. त्याला जमीन, मान, जबाबदारी सगळं आलं. इथे त्यातलं काहीच नाही, नुसत्या तोंडानं गाव चालवायचा. हा शब्द पहिल्यांदा ज्याच्या तोंडून निघाला असेल त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, पण त्याला माझा दंडवत.

आणि चर्पटपंजरी. आपण कंटाळवाण्या, न संपणाऱ्या बडबडीला म्हणतो. मूळ शब्द आहे शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या 'चर्पटपंजरिका' स्तोत्राचा, म्हणजे आपण 'भज गोविंदम्' म्हणून ओळखतो त्याचा. त्याचं ध्रुवपद पुन्हा पुन्हा येतं. वैराग्याचा उपदेश करणाऱ्या स्तोत्राचं नाव मराठी माणसानं थेट वटवट करणाऱ्याला देऊन टाकलं. केवढी ही हिंमत! मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश काढा, पहिली आवृत्ती 1831ची, दुसरी 1857ची. नुसत्या "तोंड" शब्दाखाली काय काय आहे ते बघा आणि मग नवीन नाणी पाडा.

कोल्हापुरी रस्सा:

मास्तर, बाकी सगळं मान्य, पण गुऱ्हाळाला नावं ठेवू नका. आमचं स्वतःचं होतं. गुऱ्हाळावर एक माणूस मोकळा नसतो. एक जण घाण्यात ऊस घालतोय, एक जण चुलाणात चिपाडं सारतोय, रस उकळायला लागला की मळी काढत राहायची, आणि गुळव्या काहिलीजवळनं हलत नाही. पाक कधी आला हे त्याला नजरेनं कळतं, त्यावर सगळ्या आधणाचं भवितव्य. हां, रात्रभर चालतं आणि रात्रभर गप्पा होतात, हे खरं. पण तिथं गप्पांच्या शेवटी गूळ निघतो! चर्चेच्या गुऱ्हाळातनं काय निघतंय?

निवृत्त मास्तर:

रस्सेदार मुद्दा. मान्य.

वऱ्हाडी ठेचा:

मंग ज्या चर्चेतून काहीच निघत नाही तिले "बिनगुळाचं गुऱ्हाळ" म्हना ना बाप्पा. मी तं हाफिसात हाच शब्द वापरून राह्यलो आतापासून.

पेठकर:

अवांतर होतंय, पण शब्द पाडण्याच्या विषयावर राहवत नाही. मराठीत हा कारखाना अधिकृतपणे किती वेळा उघडला गेला बघा. शिवराज्याभिषेकाच्या वेळी, 1674 साली, अष्टप्रधानांची फारसी पदनामं बदलली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. पुढे महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोशच तयार करवून घेतला. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची मोहीम काढली. महापौर, दिनांक, चित्रपट, दिग्दर्शक हे शब्द आज वापरताना कुणी घडवले असतील असं मनातही येत नाही. महाराष्ट्र राज्य झाल्यावर 1960मध्ये भाषा संचालनालय आलं आणि पदनाम कोश, शासन व्यवहार कोश आले.

आणि प्रत्येक वेळी लोकांनी समांतर कारखाना काढला! सिग्नलला "अग्निरथ-गमनागमन-सूचक-ताम्रहरित-लोहपट्टिका" आणि टायला "कंठलंगोट" हे कुठल्याही समितीनं केलेले शब्द नाहीत, ते तुमच्या-आमच्या आजोबांनी चेष्टेत केलेले. गंमत म्हणजे समितीचे शेकडो शब्द कपाटात राहिले आणि कंठलंगोट मात्र तीन पिढ्या चालतोय. कुणी शिकवला नाही.

त्यामुळे ओसरी, तुमची अट मला पटते. महापौर टिकला कारण महा आणि पौर दोन्ही कानाला ओळखीचे, आणि बोलायला साडेतीन अक्षरं. कंठलंगोट टिकला कारण टाय बांधलेला माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो.

चिंचोका:

पेठकर, महापौर चार अक्षरी आहे. साडेतीन शहाणे असतात.

पेठकर:

बोलताना "र" अर्धाच ऐकू येतो. करून बघा.

जुनी पाटी:

मला मराठी-इंग्रजी मिसळीला एक नाव हवं आहे, मनापासून. रूढ शब्द "धेडगुजरी" आहे, तो मी वापरत नाही. त्यात एका जातीचं नाव तुच्छतेनं आलेलं आहे, आणि भाषेची चेष्टा करायला माणसांना मधे ओढायची गरज नाही. "मिंग्लिश" मला पचत नाही, तो शब्दच मुळात इंग्रजी आहे.

नमुना देते. आमच्या ऑफिसातलं आजचं वाक्य: "मी ते चेक करून कन्फर्म करते आणि तुला मेल करून अपडेट करते, तू फक्त ॲक्नॉलेज कर." या वाक्यात मराठीनं केलेलं काम एकच, "कर".

अर्धाचहा:

जुनी पाटी, उत्तर तुमच्याच प्रतिसादात आहे. करभाषा! कुठलाही इंग्रजी शब्द सीमेवरून आत आला की त्याला "कर" लावायचा आणि मराठीत सोडायचा.

ओसरी:

करभाषा!!! अर्धाचहा, तुम्हाला पूर्ण चहा लागू. या धाग्यावरचा आत्तापर्यंतचा सर्वांत चोख शब्द.

कोल्हापुरी रस्सा:

आणि ज्याला कर लावावा लागत नाही ते करमुक्त. जसं "गूगललं का?" "टंकून ठेव." सरळ क्रियापद, कर नाही.

निवृत्त मास्तर:

रस्सासाहेब, यालाच नामधातू म्हणतात आणि ही आपली फार जुनी रीत आहे. हात-हाताळणे, लाथ-लाथाडणे, डोके-डोकावणे. नामाला प्रत्यय लावा, क्रियापद तयार. लहान मुलं हे कुणी न शिकवता करतात. नातू परवा म्हणाला, "आजोबा, बाहेर खूप पाऊसतंय." घरातले सगळे त्याला सुधारायला धावले. मी म्हटलं, थांबा, त्यानं नियम पाळला आहे. डोकावता येतं तर पाऊसता का येऊ नये? जुन्या मराठीत अशी क्रियापदं हवी तेव्हा घडवत. आपण मोठे झालो की "करणे" आणि "होणे" या दोनच काठ्यांवर चालायला लागतो. करभाषेचं मूळ मला तिथे दिसतं. इंग्रजी शब्द येतात म्हणून मला दुःख नाही, कागद आणि वकील असेच आले. आपण त्यांना आपले प्रत्यय लावायचं सोडलं, याचं आहे.

मोरपंखी:

मास्तर, काय सुंदर लिहिलंत! "पाऊसतंय" आजपासून आमच्या घरी.

दूरदेशी:

नमस्कार, मी बरीच वर्षं वाचनमात्र होतो. इथल्या लघुरूपांना नाव काय द्यायचं? हहपुवा, प्रकाटाआ, कृहघ्या, व्यनि... सुरुवातीला मला ही कुठली तरी आदिवासी बोली वाटली होती.

पेठकर:

"प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे", "कृपया हलके घ्या", "व्यक्तिगत निरोप" एवढं टंकायचा कंटाळा, दुसरं काय.

जुनी पाटी:

दूरदेशी, आदिवासी बोलींना शब्दांचा तुटवडा नाही, तेव्हा ती तुलना नको. पण लघुरूपांचं म्हणाल तर ही सवय इंटरनेटची नाही. आईच्या ट्रंकेत जुनी पोस्टकार्डं आहेत. सुरुवात "ती. रा. रा. अण्णांस, कृ. सा. न. वि. वि." आणि शेवट "क. लो. अ." मधल्या तीन बोटं जागेत सगळा संसार बसवायचा, तर साष्टांग नमस्काराला जागा कुठून आणणार? धाकट्यांना "अ. उ. आ.", म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद, तीन अक्षरांत. हहपुवा त्याच घराण्यातली आहे. मी याला आद्याक्षरपल्लवी म्हणेन.

निवृत्त मास्तर:

पल्लवी म्हणालात म्हणून हातांच्या खुणांची करपल्लवी आठवली. आमच्या शाळेत पोरं तास चालू असताना बोलायची. "अहिफन कमळ चक्र टंकार तरु पल्लव यौवन शृंगार" पाठ असे. हाताची फणा केली की स्वर, कमळ केलं की क-वर्ग, चक्र म्हणजे च-वर्ग, टंकाराचा ट-वर्ग, तरू त-वर्ग, पल्लव प-वर्ग, शेवटचे दोन य आणि श पासूनचे. मग बोटं दाखवून वर्गातलं कितवं अक्षर ते सांगायचं, आणि चुटक्यांनी मात्रा. कमळ-तीन, पल्लव-एक. झालं "गप". मात्रा नाही, म्हणून चुटकीही नाही. सबंध वर्गात आवाज न करता "गप" म्हणता येत असे, आणि गुरुजींना तेवढंच ऐकू येत नसे.

अर्धाचहा:

आम्हाला करपल्लवी कुठली, आमची च-ची भाषा! चतू चरीघ चधीक चशीलये? पहिलं अक्षर उचलून शेवटी, पुढे च. ताईचा वेग असा होता की आईला वाटायचं पोरगी मंत्र म्हणतेय.

आणि एक कोडं: चहाला च-च्या भाषेत काय म्हणतात?

चिंचोका:

चहाच! 😀 आता कळलं तुमचं नाव अर्धाचहा का ते.

पेठकर:

व्यापाऱ्यांची नंदभाषा विसरू नका. आजोबा कापडाच्या पेढीवर होते. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना मालक गुमास्त्याला किंमत सांगणार ती अशी: केवली म्हणजे एक, आवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच, आणि अंगुळू दहा. गिऱ्हाइकाला वाटायचं कापडाच्या जातीबद्दल बोलतायत. आमच्या घरी अजून पाहुण्यांपुढे "किती पोळ्या लाटू" विचारायचं तर आजी आवारू-उधानूवर येते.

मोरपंखी:

पाहुण्यांसमोर घरच्यांनी बोलायच्या भाषेला ताटाआडची भाषा म्हणूया का? सांकेतिक नसली तरी चालेल. "अगं, तो मोठा डबा संपला ना?" आणि आपण समजायचं की काजूकतली बाहेर काढायची नाही.

वऱ्हाडी ठेचा:

आमच्याइकडे असं चालत नाही, पाहुना स्वतःच डबा उघडून पाह्यते.

जुनी पाटी:

शुद्धलेखन राहिलंच. वेलांटी पहिली की दुसरी हा प्रश्न पडून लेखणी अडून बसते, त्या अवस्थेला काय म्हणायचं?

कोल्हापुरी रस्सा:

पहिली वेलांटी असावी असं वाटलं तर लघुशंका. दुसरी वाटली तर...

ओसरी:

रस्सा, पुढचं लिहू नका. हहपुवा. पण शब्द मंजूर, दोन्ही.

जुनी पाटी:

हसून डोळ्यांत पाणी आलं. पण शंका खरीच येते हो. 1962च्या लेखननियमांनी एकटा "कवी" दीर्घ केला आणि "कविसंमेलन" ऱ्हस्वच ठेवलं. म्हणजे कवी घरी असतो तेव्हा दीर्घ, आणि संमेलनाला निघाला की ऱ्हस्व.

पेठकर:

संमेलनातले कवी ऱ्हस्व झाले तर श्रोत्यांवर उपकारच. तिथे कविता दीर्घ असतात.

चिंचोका:

दोनशब्दकोश, खंड दुसरा.

दूरदेशी:

मूळ प्रश्नाकडे येतो, आणि हा खरंच माझ्या घरातला प्रश्न आहे. मुलगी इथे परदेशात वाढतेय, देवनागरी हौसेनं शिकली. वाचते छान. पण "चाक" हा शब्द ती "चाकू"मधल्या च-नं वाचते. "तू मजेत जग" म्हटलं तर तिला ते जगाच्या नकाशातलं जग वाटतं. "जरा थांब" मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाची जरा लिहायला एकच, उच्चाराला दोन. मला तालव्य आणि दंततालव्य हे शब्द माहीत आहेत, पण नऊ वर्षांच्या मुलीला ते सांगितले की ती वही मिटते. लिहिताना एक आणि बोलताना दोन अशा या अक्षरांना तिला हसू येईल असं नाव हवंय.

निवृत्त मास्तर:

फार चांगला प्रश्न. आपण न शिकता शिकलो, म्हणून आपल्याला तो दिसतही नाही. तिला आधी कानानं जोड्या द्या. तुम्ही चाक म्हणा, चाकू म्हणा, आणि जीभ कुठे लागली ते तिला विचारा. एकात दातांमागे लागते, दुसऱ्यात जरा वर टाळूला. हाताच्या आरशात बघू दे, मुलांना आवडतं. नाव मग तीच देईल.

मोरपंखी:

दुतोंडी अक्षरं?

जुनी पाटी:

दुतोंडी म्हटलं की साप आला. मुलगी घाबरेल.

कोल्हापुरी रस्सा:

चकवा! रानात चकवा लागला की माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो, वाट ओळखीची दिसते आणि निघते भलतीकडं. तसं हे अक्षर. दिसतंय एक, वाट दोन. "चाक वाचताना तुला चकवा लागला बघ" म्हणा, आणि चकव्याची गोष्टही सांगा.

ओसरी:

चकवा मंजूर! फोड सांगावी लागत नाही, शिवाय सुरुवातच च-नं.

दूरदेशी:

रस्सासाहेब, मनापासून आभार. आत्ताच तिला सांगितलं. गोष्ट आवडली, नाव आवडलं. आता विचारतेय, चकवामधला च कुठला, चाकातला की चाकूतला?

निवृत्त मास्तर:

चाकातला. आणि तिला सांगा, हा प्रश्न सुचला म्हणजे तिला चकवा उलगडला. आता पुढचं अक्षर झ द्या. झाड आणि झेंडा.